विश्लेषण : मतदानाचा अधिकार नसताना गोखले यांनी ब्रिटिश सरकारकडे हिशेब कसा मागितला?

अर्थसंकल्पी अधिवेशन आले की विरोधक सरकारकडे खर्चाचा हिशेब मागतात. कधी श्वेतपत्रिकेची मागणी होते, कधी कॅगचा अहवाल पटलावर ठेवण्याचा आग्रह धरला जातो. आज विरोधकांच्या हाती कपात सूचना, मतदान, उपप्रश्न, लोकलेखा समिती अशी बरीच साधने आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी यातले एकही साधन नव्हते. तरीही पुण्यातल्या एका प्राध्यापकाने सरकारचेच आकडे हाती घेऊन सरकारला कोंडीत पकडले. गोपाळ कृष्ण गोखले यांची ओळख महात्मा गांधी यांचे राजकीय गुरू आणि मवाळ नेते अशी शाळेपासून सांगितली जाते. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्यासाठी त्यांनी जवळपास दोन दशके केलेले काम मात्र मागे राहते.

२६ मार्च १९०२ रोजी काय घडले?

ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी तेव्हा कलकत्ता होती. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय कायदेमंडळाची बैठक होती आणि विषय होता अर्थसंकल्प. वित्त सदस्य सर एडवर्ड लॉ यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार १९०१-०२ मध्ये सरकारच्या तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक होती. शिल्लक म्हणजे कारभार उत्तम, असाच अर्थ सर्वसाधारणपणे काढला जात होता.

पहिल्यांदाच अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिलेले ३५ वर्षांचे गोखले यांनी नेमका उलटा अर्थ लावला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांत देश होरपळला असताना सरकारकडे कोट्यवधी रुपये उरत असतील, तर लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या शिलकेला त्यांनी समृद्धीचा पुरावा मानले नाही. तो लोकांवरचा अन्याय ठरवला. या एका भाषणाने गोखले देशभर ओळखले जाऊ लागले.

आकड्यांची ही सवय कुठून आली?

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागलमध्ये नोकरीला होते. गोपाळ १३ वर्षांचा असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचे घर चाले. घरखर्चातला प्रत्येक रुपया कुठून येतो आणि कुठे जातो, हे गोखले यांना लहानपणीच कळले होते.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करत ते १८८४ मध्ये बी.ए. झाले. नंतर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे वेगवेगळे विषय त्यांनी शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांमध्ये बरीच वर्षे चालले.

त्यांची खरी घडण झाली ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे. सरकारी अहवाल, जनगणनेची कोष्टके, महसुलाचे तक्ते वाचायचे, जुन्या वर्षांशी ताडून पाहायचे आणि मगच मत बनवायचे, ही शिस्त रानडे यांनी त्यांना लावली. पुणे सार्वजनिक सभेचे चिटणीस आणि सभेच्या त्रैमासिकाचे संपादक म्हणून गोखले यांनी हेच काम केले. सरकारकडे पाठवायच्या अर्जातले वाक्य न् वाक्य आणि आकडा न् आकडा पुन:पुन्हा तपासला जाई.

लंडनमध्ये त्यांनी काय मागितले?

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटनने १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. दादाभाई नौरोजी या आयोगाचे सदस्य होते. एप्रिल १८९७ मध्ये गोखले यांनी डेक्कन सभेच्या वतीने लंडनमध्ये साक्ष दिली, तेव्हा त्यांनी वयाची ३१ वर्षेही पूर्ण केली नव्हती.

खर्च जास्त आहे, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. खर्चावर लक्ष ठेवणारी यंत्रणाच नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. हिंदुस्थानचा पैसा खर्च करणारे सरकार इथल्या लोकांना जबाबदार नव्हते. ब्रिटिश संसदेकडे देखरेख असली तरी हा पैसा ब्रिटिश करदात्यांचा नसल्याने खासदारांना त्यात रस नव्हता. हिंदुस्थानच्या अर्थसंकल्पावरची चर्चा अधिवेशनाच्या शेवटी, रिकाम्या बाकांसमोर उरकली जात असे.

गोखले यांनी सुचवलेला उपाय असा : अर्थसंकल्प कायदेमंडळात बाबवार मंजुरीसाठी ठेवावा. सरकारी सदस्यांचे बहुमत राहिले तरी चालेल. पण लोकप्रतिनिधींना आपला विरोध नोंदवता यावा आणि तो ब्रिटिश संसदेच्या नियंत्रण समितीपर्यंत पोहोचवता यावा. थोडक्यात, पैसे कुठे जातात हे विचारण्याचा हक्क आधी मिळावा, असे त्यांना वाटत होते.

माफीचे प्रकरण काय होते?

याच लंडनमुक्कामात गोखले यांच्या आयुष्यातला सर्वांत कडू प्रसंग घडला. पुण्यात प्लेगची साथ होती आणि घरझडतीसाठी लष्कराचे सैनिक लावले होते. सैनिकांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी करणारी पत्रे गोखले यांना पुण्याहून येत होती. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी इंग्लंडमधील मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्रात गंभीर आरोप केले.

२२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि वातावरण तापले. मायदेशी परतल्यावर गोखले यांच्याकडे पुरावे मागितले गेले. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली तर तेच अडचणीत आले असते आणि उघडपणे साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. अखेर गोखले यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. टीका सर्व बाजूंनी झाली. राष्ट्रीय सभेतल्या सहकाऱ्यांनाही त्यांचा राग आला. राजकारण संपले, असे वाटावे अशी ती वेळ होती.

कायदेमंडळातले गोखले समजून घ्यायचे तर हा प्रसंग विसरता येत नाही. पुढच्या काळात त्यांच्या भाषणांचा पाया राहिला तो सरकारने स्वत: छापलेल्या कागदपत्रांचा. पुरावा सरकारच्याच कपाटातला असला की सरकारला तो नाकारता येत नाही.

कायदेमंडळात सदस्यांना अधिकार किती होते?

१८९९ मध्ये गोखले मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात गेले. शेतजमिनीसंबंधीच्या वादग्रस्त विधेयकावर १९०१ मध्ये फिरोजशहा मेहता यांच्यासह त्यांनी सभात्याग केला. त्याच वर्षी मेहता यांच्या जागी ते केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेले. ही निवड जनतेच्या मतांनी होत नसे. मुंबई कायदेमंडळातले मूठभर बिगरसरकारी सदस्य मतदार होते.

१८६१ च्या कायद्यानुसार नवा कर लावायचा असेल तरच आर्थिक प्रश्नावर चर्चा होई. १८९२ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर बोलण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क दिला. पण उपप्रश्न विचारता येत नसे, ठराव मांडता येत नसे आणि मतदान तर नव्हतेच. चर्चा मार्चच्या अखेरीस, आर्थिक वर्ष संपायला काही दिवस उरले असताना होई. तोवर सगळे ठरलेले असे. सदस्यांनी भाषणे करायची, वित्त सदस्यांनी उत्तर द्यायचे, व्हाइसरॉयनी समारोप करायचा आणि अर्थसंकल्प जसाच्या तसा अमलात यायचा.

त्यामुळे गोखले यांच्याकडे एकच हत्यार उरले होते. वर्षातून एकदा मिळणारी बोलण्याची संधी.

शिलकेमागचे गणित काय होते?

१९०२ च्या भाषणातला मुख्य मुद्दा रुपयाच्या दराचा होता. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी ब्रिटनमध्ये पौंडांत मोठी रक्कम द्यावी लागे. त्यात कर्जावरचे व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शन, लष्करी खर्च, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च असे सगळे होते. याला होम चार्जेस म्हणत.

चांदीचे भाव पडल्याने १८९४-९५ मध्ये रुपयाची किंमत सुमारे १३ पेन्सपर्यंत घसरली. एका पौंडात तेव्हा २४० पेन्स असत. म्हणजे एका पौंडासाठी सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरायला सरकारने कर वाढवले होते. मिठावरचा कर १८८८ मध्येच मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला होता.

पुढे चित्र बदलले. १८९३ मध्ये टांकसाळी चांदीसाठी बंद झाल्या होत्या. काही वर्षांत रुपया १६ पेन्सवर स्थिरावला. आता एका पौंडाला १५ रुपयेच लागत. साधा हिशेब करून पाहा. १ कोटी पौंड पाठवायचे तर पूर्वी साडेअठरा कोटी रुपये लागत, आता १५ कोटी. म्हणजे दर १ कोटी पौंडांमागे सरकारचे साडेतीन कोटी रुपये वाचू लागले.

गोखले यांचा प्रश्न इथेच होता. रुपया पडला म्हणून कर वाढवले, मग रुपया सावरल्यावर ते उतरवले का नाहीत? तिजोरीतली शिल्लक लोकांची कमाई वाढल्यामुळे आलेली नाही. अडचणीच्या काळातले कर अडचण संपल्यावरही चालू ठेवल्यामुळे ती आली आहे, हे त्यांनी वर्षावर्षाचे आकडे मांडून दाखवले. शेतकऱ्याला तर या रुपयाच्या दराचा फायदाही नव्हता. त्याचा सारा तोच होता.

दुसरा प्रश्न पैसा कुठे जातो याचा होता. लष्करावर भरमसाट खर्च, वरच्या पदांवर मोठ्या पगाराचे युरोपीय अधिकारी आणि शिक्षणाला मात्र अत्यल्प वाटा, ही विसंगती त्यांनी त्या वर्षी आणि नंतर जवळपास प्रत्येक वर्षी मांडली.

परिणाम झाला का?

१९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे (सुमारे ३७ किलो) अडीच रुपयांवरून २ रुपयांवर आला. प्राप्तिकरातून सूट मिळण्याची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. पुढे मिठाचा कर १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला.

हे केवळ गोखले यांच्या भाषणांमुळे झाले, असे म्हणता येणार नाही. तिजोरीत पैसा होता आणि करकपात करण्यात सरकारचाही फायदा होता. पण कोणते कर आधी उतरवावेत, हा विषय गोखले यांनी चर्चेच्या मध्यभागी आणला. कर कमी झाल्यावर मिठाचा खप वाढतो, म्हणजे महाग मीठ गरिबाला परवडत नव्हते, हेही त्यांनी नंतरच्या भाषणांत खपाच्या आकड्यांनी दाखवून दिले.

गोपनीयतेच्या कायद्याला विरोध का केला?

आकडे मागण्याचा हक्क आणि माहिती बाहेर येण्याचा हक्क हे दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत. कर्झन सरकारने १९०३ मध्ये सरकारी गुपितांच्या कायद्यात दुरुस्ती आणली. १८८९ च्या मूळ कायद्याचा भर लष्करी आणि नाविक गुपितांवर होता. दुरुस्तीने नागरी कारभाराची माहितीही त्याच पंक्तीत बसवली.

डिसेंबर १९०३ मध्ये गोखले यांनी या विधेयकावर कडक टीका केली. ज्या देशात सरकारला मतांनी जाब विचारता येत नाही, तिथे वृत्तपत्रांत येणाऱ्या बातम्या हाच लोकांसाठी कारभार कळण्याचा मार्ग असतो. तोही बंद केला तर अधिकाऱ्यांवर कोणाचाच वचक राहणार नाही, असा त्यांच्या विरोधाचा आशय होता. इंग्रजांच्या मालकीच्या वृत्तपत्रांनीही विधेयकाला विरोध केला. तरीही सरकारी बहुमताच्या जोरावर १९०४ मध्ये ते मंजूर झाले.

१९०९ नंतर काय बदलले?

१९०५ मध्ये गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ते राष्ट्रीय सभेच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांच्या वाटाघाटींतही त्यांचा वाटा होता.

या सुधारणांनी उपप्रश्न विचारण्याचा आणि ठराव मांडण्याचा हक्क मिळाला. मात्र ठराव म्हणजे फक्त शिफारस. लष्करासारखे खर्चाचे मोठे भाग ठरावांच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. केंद्रीय कायदेमंडळातल्या ६९ सदस्यांपैकी ३७ सरकारी आणि ३२ बिगरसरकारी होते. मतदान झाले तरी निकाल आधीच ठरलेला असे.

या चौकटीत गोखले यांनी जानेवारी १९११ मध्ये एक महत्त्वाचा ठराव मांडला. वाढत्या सरकारी खर्चाची कारणे शोधण्यासाठी सरकारी आणि बिगरसरकारी सदस्यांची समिती नेमावी, अशी त्यांची मागणी होती. काटकसर, युरोपीय अधिकाऱ्यांच्या जागी भारतीयांची नेमणूक आणि स्वतंत्र लेखापरीक्षण यांवर त्यांचा भर होता.

लेखापरीक्षणाचा मुद्दा आजही ओळखीचा वाटेल. ब्रिटनमध्ये लेखापरीक्षक संसदेला अहवाल देई आणि लोकलेखा समिती तो तपासे. हिंदुस्थानात मात्र हिशेब तपासणारा अधिकारी वित्त विभागाच्याच हाताखाली होता. खर्च करणाऱ्याच्या हाताखालचा माणूस त्याच खर्चातली उधळपट्टी कशी दाखवणार, हा गोखले यांचा सवाल होता. बहुमत सरकारचे असल्याने मागणी मान्य करून घेणे त्यांच्या हाती नव्हते. पण ती कामकाजात नोंदली गेली.

याच काळात त्यांनी प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे विधेयक आणले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. इतकी वर्षे शिक्षणावर खर्च का होत नाही, असे विचारणाऱ्या गोखले यांना या मतदानात त्याचे उत्तर मिळाले.

त्यांच्यावर टीका कोणती झाली?

लोकमान्य टिळक आणि जहाल गटाचा आक्षेप सरळ होता. ज्या सभागृहात सरकार हरूच शकत नाही, तिथल्या भाषणांनी काय साधणार? लोकांना संघटित केल्याशिवाय सरकार झुकणार नाही, असे त्यांचे मत होते. १९०७ मध्ये सुरतला राष्ट्रीय सभा फुटली, ती मवाळ आणि जहाल यांच्या अशाच मतभेदांतून.

या टीकेत तथ्य होते. गोखले ज्या कायदेमंडळात बोलत, तिथे सामान्य शेतकऱ्याचे मत नव्हते. लष्करी खर्चाबद्दल ते वर्षानुवर्षे बोलले, पण त्यावर त्यांना लगाम घालता आला नाही. दुसरी बाजू अशी की, सरकारचा जमाखर्च हा सामान्य माणसाचा विषय आहे, हे वृत्तपत्रांतून छापून आलेल्या त्यांच्या भाषणांनी शिकलेल्या भारतीयांच्या मनावर ठसवले.

नंतर काय झाले?

सततचे दौरे, मधुमेह आणि कामाचा ताण यांनी प्रकृती ढासळली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ते ४८ वर्षांचे होते. आयुष्यभराचे विरोधक असलेले टिळक अंत्यसंस्काराला आले आणि त्यांनी आदरांजली वाहिली.

त्यांच्या मागण्या त्यांच्यानंतर एकेक करून प्रत्यक्षात आल्या. १९१९ च्या कायद्याने खर्चाच्या काही मागण्या कायदेमंडळात मतदानासाठी येऊ लागल्या. महालेखापरीक्षकाची नेमणूक भारतमंत्री करू लागले, त्यामुळे हे पद हिंदुस्थान सरकारच्या हाताखालून बाहेर आले. १९२१ मध्ये केंद्रात लोकलेखा समिती स्थापन झाली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद १४८ ते १५१ मध्ये कॅगला स्वतंत्र स्थान दिले आणि त्याचे अहवाल संसदेपुढे व विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक केले. १९६७ पासून संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे.

गोखले यांनी विरोध केलेल्या गोपनीयतेच्या कायद्याची जागा १९२३ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो आजही अस्तित्वात आहे. मात्र २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार, दोन्हींत विसंगती आली तर माहिती अधिकार वरचढ ठरतो.

साधने आली, तरी ती वापरणारे लागतात. कॅगचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात आणि त्यावर चर्चा होतेच असे नाही. खर्चाच्या मागण्या वेळेअभावी चर्चेविना एकत्र मंजूर होतात. गोखले यांना वर्षातून एकच भाषण मिळत असे आणि मत नव्हते. आजच्या सदस्यांकडे मतही आहे आणि सरकारी आकडे मोबाइलवर उपलब्ध आहेत. ते आकडे वाचून, मागच्या वर्षांशी ताडून प्रश्न विचारण्याचे काम मात्र १९०२ इतकेच वेळखाऊ आहे.